भूकही आवरते, यकृतातली चरबीही जाळते

सोनोग्राफीच्या अहवालातला ‘फॅटी लिव्हर’ हा शेरा आता धाराशिव, तुळजापूर, उमरग्यातल्या घरांनाही ओळखीचा होतो आहे. यकृतात चरबी साचते, काहींना सूज येते, पुढे व्रण पडून यकृत कडक होते. बराच काळ काहीच दुखत नाही, म्हणून धोका मोठा.

यावरचे ‘सर्व्होड्युटाइड’ हे आठवड्यातून एकदा टोचायचे प्रायोगिक औषध दोन हार्मोन्सची नक्कल करते. आतड्यातले जीएलपी-१ भूक कमी करते. स्वादुपिंडातले ग्लुकागॉन यकृताला चरबी जाळायला लावते. ग्लुकागॉनमुळे रक्तातली साखर वाढू शकते, ती जीएलपी-१ आवरते.

२०२४ साली प्रसिद्ध झालेल्या २९३ रुग्णांच्या चाचणीत ४८ आठवड्यांनी मधली मात्रा घेणाऱ्या ६२ टक्के जणांचा यकृतदाह व्रण न वाढता सुधारला. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांत हे प्रमाण १४ टक्के होते. मळमळ, उलट्या, जुलाब हा त्रास मात्र अनेकांना झाला.

हे औषध अजून प्रायोगिकच आहे; तोवर हातात असलेला उपाय भक्कम आहे: वजन ७ ते १० टक्के घटले तरी यकृताची सूज उतरू शकते. कमरेचा घेर पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर जवळच्या आरोग्य केंद्रात साखर आणि रक्तदाब जरूर तपासून घ्या.