लॉरा इंगल्स वाइल्डर : शिक्षिका, शेतकरीण, लेखिका

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात १८६७मध्ये जन्मलेल्या लॉरा इंगल्स वाइल्डर यांनी सोळावे वर्ष पूर्ण होण्याआधीच डकोटा प्रदेशातील एकखोली शाळेत, म्हणजे सर्व वयांच्या मुलांना एकच शिक्षिका शिकवत असे अशा शाळेत, अध्यापन सुरू केले. १८८५मध्ये शेतकरी अल्मान्झो वाइल्डर यांच्याशी विवाह झाल्यावर त्यांचे अध्यापन थांबले. दुष्काळ, आजारपण आणि कर्ज यांमुळे तेथील शेती टिकली नाही, म्हणून १८९४मध्ये मिसूरीतील मॅन्सफिल्ड येथे खडकाळ जमीन घेऊन या दांपत्याने सफरचंदाची बाग आणि कुक्कुटपालन कष्टाने उभे केले. याच अनुभवाच्या बळावर लॉरा यांनी १९११पासून ‘मिसूरी रूरलिस्ट’ या कृषिविषयक नियतकालिकात लेखन केले, तर १९३२मध्ये, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, त्यांच्या ‘लिटल हाउस’ या बालकादंबरीमालेतील पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. १९५७मध्ये नव्वदाव्या वर्षी निवर्तलेल्या लॉराबाईंचे जीवन ग्रामीण स्त्रीच्या श्रमाला इतिहासात मानाचे स्थान मिळवून देते.