वाड्यातल्या भुताची जात कोणती?

७ जून २०२४ रोजी ‘मुंज्या’ हा हिंदी भयपट पडद्यावर आला आणि चांगला चालला. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला, सहा वर्षांपूर्वीचा ‘तुंबाड’ पुन्हा चित्रपटगृहात लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गर्दी खेचून गेला. दोन्ही कथा कोकणातल्या. वागळे इस्टेटच्या किसननगरात, इंदिरानगरात, लोकमान्यनगरात आमची पोरे हे सिनेमे मोबाईलवर पाहतात आणि रात्री एकमेकांना घाबरवतात. यात वाईट काही नाही. आम्हीही भयपट आवडीने पाहतो. आमचा प्रश्न वेगळाच आहे. भुताला जात असते काय?

असते! मुंजा म्हणजे कोण? मुंज झाली आणि सोडमुंज होण्याआधीच मेला, तो ब्राह्मणाचा पोरगा. म्हणजे मुंजा व्हायचे तर आधी मुंज व्हावी लागते. ज्यांना जानवे घालण्याचा अधिकारच नव्हता, त्यांची पोरे पटकीने, प्लेगने, उपासमारीने मेली तरी मुंजा होऊन पिंपळावर बसू शकली नाहीत. ब्रह्मसमंधाचेही तेच. नावातच वर्ण आहे! ज्यांनी माणसांची उतरंड लावली, त्यांनी मेल्यानंतरही ती मोडू दिली नाही. म्हणून पडद्यावरचे भूत पाहताना त्याचे सुळे आणि नखे पाहून भागत नाही. ते कोणाच्या घरात राहते आणि कोणावर सूड उगवते, हे पाहिले पाहिजे.

या नजरेने जुने सिनेमे पाहा. १९४९ साली बॉम्बे टॉकीजचा ‘महल’ आला. कमाल अमरोहींनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात ओसाड महालात गाणारी मधुबाला भूत नसतेच. ती असते तिथल्या माळ्याची मुलगी. ज्या महालात तिला मालकीण म्हणून कोणी उभे केले नसते, तिथे ती भूत बनूनच वावरू शकते. १९५८ च्या बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’त भूत खरेखुरे आहे. ते आहे एका आदिवासी मुलीचे. जमीनदार उग्रनारायणच्या हवेलीत तिच्या अब्रूवर घाला आला आणि तिचा जीव गेला. तीच परत येऊन त्याच्या तोंडून गुन्हा वदवून घेते. १९६२ च्या ‘बीस साल बाद’मध्ये ठाकुराने गावातल्या मुलीला नासवले, तिने जीव दिला, आणि ठाकूर घराण्यातले एकेक जण मरू लागले. लोक म्हणाले, भूत! शेवटी निघाला त्या मुलीचा बाप. पोलीस नाही, कोर्ट नाही, गावात कोणी साक्षीदार नाही, अशा बापाला न्याय मिळवण्यासाठी भुताचे सोंग घ्यावे लागते.

१९६४ चा राज खोसलांचा ‘वो कौन थी’ आणखी एक पाऊल पुढे जातो. पांढऱ्या साडीतली साधना पावसात उभी राहते आणि डॉक्टर असलेला नायक वेडा व्हायची वेळ येते. हा सारा बनाव असतो इस्टेटीसाठी. वारस वेडा ठरला की मालमत्ता दुसऱ्याच्या घशात! आम्हा ठाणेकरांना हे पटकन कळते. १९०१ पासूनचे मनोरुग्णालय वागळे इस्टेटपासून हाकेच्या अंतरावर आहे. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ ही थट्टा साऱ्या महाराष्ट्राने केली. पण अंगात आले म्हणून मांत्रिकाकडे झोडपून घेतलेली किती माणसे वेळीच त्या दाराशी आणली असती तर बरी झाली असती, याचा विचार थट्टा करणाऱ्यांनी केला नाही.

या जुन्या रहस्यपटांनी प्रेक्षकाला एक सवय लावली. भूत दिसले की विचारायचे, यात फायदा कोणाचा? पुढे ती सवय मोडली. रामसे बंधूंचा ‘दो गज जमीन के नीचे’ १९७२ साली आला, ‘पुराना मंदिर’ १९८४ साली, ‘वीराना’ १९८८ साली. भाड्याच्या व्हीसीआरवर कामगार वस्त्यांनी हे सिनेमे रात्र रात्र जागून पाहिले. मजा होती, नाही असे नाही. पण डाव उलटला होता. आता राजघराणे निष्पाप, आणि सैतान बाहेरचा, काळा, दांडगा, रानटी. त्याला आवरायला त्रिशूळ. ‘वीराना’त ठाकूर घराणे चेटकिणीला फासावर लटकवते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो. याच महाराष्ट्रात सातपुड्याच्या पाड्यांवर बायांना डाकीण ठरवून मारले जाते, हे टाळ्या वाजवणाऱ्याच्या मनातही येत नाही.

तोच मामला १९९३ च्या ‘झी हॉरर शो’ने घरात आणला. १९९५ साली सोनीवर ‘आहट’ आली. मराठीत रत्नाकर मतकरींची ‘गहिरे पाणी’ होती. मतकरींची गूढकथा माणसाच्या मनात शिरते, म्हणून ती वेगळी. २०१६ साली झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ सुरू झाली. तिच्या दुसऱ्या भागात, २०१९ मध्ये, अण्णा नाईक अवतरले. दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा, दुसऱ्याच्या बाईवर डोळा, आड आला त्याचा मुडदा! मालिकेने हे लपवले नव्हते. पण महाराष्ट्राने काय केले? अण्णा नाईकांचे विनोद केले, त्यांना लाडके केले. ‘मधुमती’तल्या उग्रनारायणचा प्रेक्षकांना राग आला होता. साठ वर्षांनी त्याच्याच भाईबंदाचे कौतुक झाले. घाबरायचे असेल तर याला घाबरावे!

अलीकडच्या चित्रपटांत दोन आम्हाला मोलाचे वाटतात. विशाल फुरियांचा ‘लपाछपी’ २०१७ चा. उसाच्या फडात एक गरोदर बाई अडकते आणि तिथली भुते निघतात स्त्रीभ्रूणहत्येची. दुसरा राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’. त्याची प्रेरणा नारायण धारपांच्या कथेतली. वाड्यातल्या ‘सरकार’ची एक सोन्याची मोहर मिळेल या आशेवर बाई राबते आणि पोराला वारशात मिळते ती हाव. इथे राक्षस हस्तर आहे खरा, पण वाडा पोखरला आहे हावेने.

आता वागळे इस्टेटकडे या. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली, तिच्या पहिल्या वसाहतींपैकी ही एक. खेड्यातला गावकुसाबाहेरचा माणूस इथे यंत्रावर उभा राहिला. पॉवर प्रेसखाली किती जणांची बोटे गेली! पुढे कारखाने बंद पडले, त्या जागांवर काचेच्या इमारती आल्या. पण बंद कारखान्यात थकलेला पगार मागणाऱ्या कामगाराचे भूत एकाही सिनेमात दिसले नाही. मे २०१९ मध्ये ठाण्याच्या ढोकाळी भागातल्या एका गृहसंकुलात सांडपाण्याची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. त्यांचेही भूत झाले नाही. भुताला वाडा लागतो, आणि वाडा कोणाकडे होता हे सांगायला नको.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत श्राद्ध आणि पिंडदान नाकारले. मेलेल्यांच्या नावाने जिवंतांना लुटण्याचा धंदा आमच्या बापजाद्यांनी त्या दिवशी बंद केला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा कुठे जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो कायदा वस्तीतल्या किती जणांनी वाचला आहे?

वाचकहो, भयपट जरूर पाहा. पोरांनाही दाखवा, दचकू द्या, हसू द्या. सिनेमा संपला की मात्र दिवे लावून त्यांना विचारा: हा वाडा कोणाचा, इथे राबत कोण होते, आणि त्या जमिनीचा सातबारा आज कोणाच्या नावावर आहे?