काळ्या पाषाणाचे वय: आंतरट्रॅपी थरांचा मागोवा

बुलढाणा जिल्ह्यात बहुतेक ठिकाणी विहीर खणताना मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. लोणारचे विवरही याच पाषाणात आहे. हा थिजलेला लाव्हा. त्यात जीवाश्म मिळत नाहीत. मग त्याचे वय ठरले कसे? ते सांगितले दोन लाव्हाथरांमधल्या गाळाने. एक उद्रेक शमल्यावर तळी साचत, काठी झाडे वाढत आणि पुढच्या लाव्ह्याखाली सारे गाडले जाई. या लाव्हाथरांना डेक्कन ट्रॅप म्हणतात. त्यांच्यामध्ये सापडणारा हा गाळ म्हणून त्याचे नाव आंतरट्रॅपी थर.

त्याच्या अभ्यासाचा पाया विदर्भात घातला गेला. नागपूरजवळच्या टाकळीत स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांना गोड्या पाण्यातले शंख, फळे आणि बिया सापडल्या. १८६० मध्ये हिस्लॉपने हे थर तृतीयक कल्पाचे ठरवले. १८७९ मध्ये भूवैज्ञानिक मेडलिकॉट आणि ब्लॅनफर्ड यांच्या ग्रंथात मात्र ट्रॅपला त्याआधीच्या क्रिटेशस काळात जागा मिळाली.

१९३४ मध्ये वनस्पती-जीवाश्मतज्ज्ञ बिरबल साहनींनी हा प्रश्न पुन्हा उघडला. छिंदवाडा परिसरातल्या गारगोटीत जपल्या गेलेल्या वनस्पती त्यांच्यासमोर होत्या. त्यांत पाम होते, पाण्यावर तरंगणारा ॲझोला होता आणि निपाचे फळही होते. निपा हा पाम आज सुंदरबनच्या खाड्यांत वाढतो. लंडनच्या, तृतीयक कल्पातल्या इओसीन चिकणमातीत त्याची फळे विपुल मिळत. त्यावरून साहनींनी ट्रॅप तृतीयक कल्पातला मानला.

पुढे निपाचे परागकण क्रिटेशसच्या अखेरच्या थरांतही मिळाले आणि या पुराव्याची धार बोथट झाली. काही आंतरट्रॅपी थरांत तर खास क्रिटेशस काळातले परागकण आढळले. १९८० च्या दशकात अरगॉन पद्धतीने थेट खडकाचेच वय मोजले गेले. ते सुमारे ६.६ कोटी वर्षे भरले, म्हणजे नेमके दोन्ही काळांच्या सीमेवर. उद्रेक या सीमेच्या अलीकडे आणि पलीकडेही चालू होते.

म्हणून साहनींचे काम वाया गेले असे मी मानत नाही. यंत्र वर्षे मोजते. त्या वर्षांत इथे कोणते रान होते, हे वनस्पतींचे जीवाश्मच सांगतात. रस्त्याच्या खोदकामात किंवा विहिरीत काळ्या पाषाणांमध्ये गाळाचा थर दिसला, तर तो फोडून टाकू नका. जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागाला कळवा.