डोळ्यांनी पाहिले तरी खरे का?

खरे आणि खोटे यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपले वाडवडील सांगत. ते अंतर म्हणजे कान आणि डोळा यांमधील होय. ऐकीव गोष्ट खोटी असू शकेल, पाहिलेली मात्र खरी, हा त्या सांगण्याचा आशय. परंतु आज आंतरजालावरून येणारी बातमी चित्रासह येते आणि थेट डोळ्यालाच गाठते. तेव्हा विद्यार्थिमित्रहो, डोळ्यांवर तरी कितपत विसंबावे, याचा आपण येथे थोडा विचार करू.

दिवाळी आली की भारताचे एक रंगीबेरंगी चित्र घरोघरच्या मोबाईलवर फिरू लागते. दीपावलीच्या रात्री 'नासा'ने अवकाशातून टिपलेला हा देश, असे त्याखाली लिहिलेले असते. वस्तुतः ते एका रात्रीचे छायाचित्रच नव्हे. अमेरिकेतील 'नोआ' या संस्थेच्या शास्त्रज्ञाने २००३ साली, अनेक वर्षांच्या उपग्रहनोंदी एकत्र करून, वस्तीचे दिवे कसकसे वाढत गेले ते निरनिराळ्या रंगांनी दाखविले होते. 'नासा'ने २०१२ साली तसा खुलासाही केला. चित्र खरे होते. त्याखालची ओळ तेवढी खोटी होती.

या चित्राने कोणाचे वाईट झाले नाही. पण सर्वच असत्ये इतकी निरुपद्रवी नसतात. कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना सावध करणारी चित्रफीत काढली होती. तिच्या शेवटी पळविलेले मूल परत आणून देतात. तो शेवट कापून तीच फीत २०१८ साली भारतात 'मुले पळविणारी टोळी' म्हणून पसरली. असल्याच अफवांच्या त्या दिवसांत, १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. तथापि यंत्राच्या मर्यादेने माणसाला विवेक येत नाही.

मग पारख करावी कशी? अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ साली १० इतिहासतज्ज्ञ, २५ विद्यार्थी आणि बातम्यांची पडताळणी करणारे १० व्यावसायिक यांना काही संकेतस्थळे पारखावयास दिली. विद्वान व विद्यार्थी पुष्कळदा समोरचेच पान वाचीत राहिले आणि त्याच्या भारदस्त रूपाला भुलले. पडताळणी करणारे मात्र ते पान लगेच बाजूला ठेवून, त्याच्याविषयी इतरत्र काय सांगितले आहे ते पाहू लागले. आणि कमी वेळात अधिक अचूक निर्णयाला पोचले.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावयास सांगतो. हे कोण सांगत आहे? त्याला पुरावा काय, आणि तो मूळचा कोठला व केव्हाचा? इतर विश्वसनीय ठिकाणी याविषयी काय म्हटले आहे? बाजारात बांगडा घेताना आपली आई विकणारीच्या शब्दावर विसंबत नाही. कल्ले उघडून पाहते. मासळीला लावतो ती कसोटी बातमीला का लावू नये?

उत्तर न मिळाल्यास संदेश पुढे धाडू नये, आणि घरातील वडील मंडळींनाही हे नम्रपणे समजावून सांगावे. खोट्या बातमीला पाय नसतात; ती चालते ती आपल्याच हातांनी.