बारवेच्या भिंतीला पोट सुटतं तेव्हा

पहिल्या दिवशी मी पाण्याची मोटार भाड्यानं आणली होती. चैत्र संपत आलेला, बारवेत पाणी जेमतेम दीड पुरुष. दोन दिवसांत उपसू आणि गाळाला हात घालू, असा माझा हिशेब. पाथरवट मामांनी मोटार सुरूच करू दिली नाही. म्हणाले, "दिवसाला दोन पायऱ्या पाणी उतरू द्यायचं. एकदम उपसलं तर भिंत खाली येईल."

भिंतीमागची माती शेकडो वर्षं पाणी पिऊन जड झालेली असते. ती भिंतीला आत ढकलते आणि बारवेतलं पाणी तिला बाहेर रेटून धरतं. दोन्ही रेटे सारखे, म्हणून भिंत उभी. आतलं पाणी झटकन काढलं की मागच्या ओल्या मातीचा सगळा भार एकट्या दगडांवर येतो. श्रमदानाच्या उत्साहात ही गोष्ट विसरणं फार सोपं आहे. पाणी तळाला जायला आम्हाला आठ दिवस लागले.

ही बारव परभणी जिल्ह्यातल्या एका लहान गावाची. याच जिल्ह्यात वालूरला चक्रासारख्या फिरत उतरणाऱ्या पायऱ्यांची बारव आहे. आमची तशी देखणी नाही. चौकोनी, उतरायला एकच वाट. शिल्पशास्त्रात वाटांच्या संख्येवरून बारवांना नावं आहेत: एका वाटेची नंदा, दोनची भद्रा, तीनची जया, चारची विजया. म्हणजे आमची नंदा. हे नाव गावात कुणालाच माहीत नव्हतं, पण कळल्यावर पोरं तिला नंदाच म्हणायला लागली.

पाणी उतरलं तशी उत्तरेची भिंत उघडी पडली आणि मामांचा चेहरा उतरला. काही वर्षांपूर्वी गावानं वर्गणी काढून तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला होता. मनापासूनच केला होता. पडझड थांबावी, एवढीच इच्छा. मामांनी वरून ओळंबा सोडला. मधल्या थरांपाशी दगड ओळंब्याच्या पुढे चार बोटं आलेले. भिंतीला पोट सुटलं होतं.

बारवेची भिंत घराच्या भिंतीसारखी नसते. घराच्या भिंतीनं पाणी अडवायचं, हिनं आत येऊ द्यायचं. म्हणून इथले खालचे थर चुन्याशिवाय, नुसते दगडावर दगड बसवलेले. सांध्यांतून झरे पाझरतात. गिलाव्यानं सांधे बुजले, झरा मागच्या मागे कोंडला आणि दर पावसाळ्यात भिंत थोडी थोडी पुढे ढकलत राहिला. मामांनी छिन्नी लावून गिलाव्याची पहिली खपली काढली. आत काळी ओल होती. दुसरी निघाली आणि सांध्यातून करंगळीएवढी धार माझ्या मनगटावर आली, गार. कितीतरी वर्षं हे पाणी त्या दगडामागे उभं होतं.

पुढचं काम धीराचं. सुटलेल्या प्रत्येक दगडावर गेरूनं थर आणि जागा लिहायची, मग तिपाईला साखळी-कप्पी टांगून तो उतरवायचा. मागची चिकणमाती खरवडून तिथे दगडगोटे आणि भरड खडी भरायची, म्हणजे पाण्याला वाट राहते. मग तोच दगड त्याच जागी. चुना लागला तो वरच्या कठड्याला. विरवलेली चुनखडी, वाळू, विटांची सुरखी, त्यात गूळ आणि बेलफळाचं पाणी. कठड्यातला पिंपळ उपटायचा मोह सगळ्यांना झाला. मामा म्हणाले, "मुळी वडली की दगड घेऊन येती." ती आधी कापली, मग सांधा मोकळा करून तुकड्या-तुकड्यानं काढली.

मला मात्र जास्त काळजी बारवेच्या बाहेरची होती. पश्चिमेला मोट ओढणाऱ्या बैलांची धाव होती, ती नांगरून शेतात गेली. मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याची शिळा पारापाशी बसायला ठेवलेली. पाट बुजला. साताऱ्याजवळ लिंबला बारा मोटांची विहीर आहे, 1719 ते 1724 या काळात विरूबाई भोसल्यांनी बांधवून घेतलेली. ती बघताना मोटांच्या जागा, पाट आणि पाण्यावर पोसलेली आमराई, हे सगळं डोळ्यांसमोर धरलं तरच ती विहीर एवढी मोठी का, हे कळतं. आमच्याकडे बारवेभोवती पेव्हर ब्लॉक आणि रंगीत दिवे बसवायचं जवळजवळ ठरलंच होतं. त्याला मी कडाडून विरोध केला. वरच्या अंगाची जमीन फरशीनं झाकली, तर आत झिरपायचं काय? शेवटी धावेची दहा हात जमीन शेतमालकानं सोडली आणि थारोळ्याची शिळा जागेवर आली. पाटाचं अजून जमलेलं नाही.

गाळ काढताना देवळीतले शेंदूर लावलेले सात दगड आम्ही काढून पायरीवर नीट मांडले होते. साती आसरा, पाण्याच्या देवता. पंधराएक दिवसांनी एक आजी नारळ घेऊन आल्या. नातवाचं जावळ होतं. दगड जागेवर नाहीत म्हणून त्या चिडल्या नाहीत, घाबरल्या. काम झालं की परत बसवू, पण समोरच्या देवळीत, तिथे ऊन लागतं, जागाही मोठी आहे, असं मी सांगितलं.

"तिथं कामून?" आजी म्हणाल्या. "आसरा पाण्यापाशी बसत्यात. पाणी हिकडून येतं." आणि त्यांनी बोट दाखवलं ते उत्तरेच्या भिंतीतल्या जुन्या देवळीकडे. तिच्या खाली दोन हातांवर ती करंगळीएवढी धार चालू होती.

मामांनी त्याच संध्याकाळी देवळीचा तळ चोळून धुतला. सातही दगड आजींनी सांगितलेल्या क्रमानं आत ठेवले.