अमेरिकी कॉलेजांची वेटलिस्ट

अमेरिकेतील नामांकित विद्यापीठे पदवीच्या प्रवेशाचे निकाल साधारण मार्चअखेर जाहीर करतात. अर्जदाराला प्रवेश मिळतो, नकार मिळतो किंवा त्याचे नाव वेटलिस्टवर जाते. वेटलिस्टवर नाव येणे म्हणजे विद्यार्थी पात्र ठरला, पण त्याच्यासाठी आज जागा नाही. ती जागा पुढे निघेल की नाही, हे विद्यापीठालाही तेव्हा माहीत नसते.

एकच विद्यार्थी दहा-पंधरा ठिकाणी अर्ज करतो आणि अखेर एकाच ठिकाणी जातो. म्हणून प्रत्येक विद्यापीठ असलेल्या जागांपेक्षा जास्त जणांना प्रवेश देऊ करते. त्यांपैकी प्रत्यक्ष येणाऱ्यांच्या प्रमाणाला तिथे ‘यील्ड’ म्हणतात. हार्वर्डमध्ये ते ८० टक्क्यांच्या वर असते. अनेक चांगल्या विद्यापीठांत निम्म्यालाही पोचत नाही. अंदाजापेक्षा जास्त मुले आली तर वसतिगृहात खाटा पुरत नाहीत, कमी आली तर फीचे उत्पन्न बुडते. त्यामुळे विद्यापीठे हात जरा आखडता ठेवतात आणि पडलेली तूट वेटलिस्टमधून भरतात. विद्यार्थ्यांनी होकार कळवण्याची रूढ मुदत १ मे. खरी हालचाल त्यानंतर सुरू होते.

महाराष्ट्रातील पालकांची गफलत होते ती क्रमांकाबाबत. सीईटीनंतरच्या कॅप फेऱ्यांत गुणवत्ता क्रमांक असतो, कट-ऑफ जाहीर होतो आणि रेल्वेच्या वेटिंगप्रमाणे आपण किती पुढे सरकलो हे कळते. अमेरिकेतल्या बहुतेक वेटलिस्टला क्रमांकच नसतो. मे महिन्यात प्रवेश समिती होकार दिलेल्यांची यादी समोर घेते आणि उणीव कुठे आहे ते पाहते. इतिहास किंवा अभिजात भाषांकडे मुले कमी आली असतील, वाद्यवृंदाला ओबो वाजवणारा हवा असेल, देशाच्या एखाद्या भागातून कोणीच आले नसेल. अशा वेळी कॉम्प्युटर सायन्स मागणारा, गुणांनी सरस विद्यार्थी मागे राहतो आणि दुसऱ्याचे नाव निघते. यात त्या मुलाच्या हुशारीचा निवाडा नसतो. घरच्यांनी त्याला हे स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.

पैशाचा प्रश्न याहून कठीण. काही विद्यापीठे नियमित फेरीत अर्जदाराची आर्थिक स्थिती पाहत नाहीत, पण वेटलिस्टवरून निवडताना पाहतात, कारण मदतीचा निधी तोवर बराचसा वाटून झालेला असतो. परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर आर्थिक स्थिती न पाहणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी यांसारखी विद्यापीठे मोजकीच आहेत. पूर्ण फी भरू शकणाऱ्याला त्यामुळे उघड फायदा मिळतो. हा अन्यायच आहे. ओळखीपाळखीचाही काही भाग असतोच. हार्वर्डविरुद्ध २०१८ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात चाललेल्या खटल्यात ‘झेड-लिस्ट’ची माहिती पुढे आली: दरवर्षी साधारण ५० ते ६० जणांना, एक वर्ष थांबून येण्याच्या अटीवर प्रवेश दिला जात असे आणि त्यांत माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचे प्रमाण मोठे होते.

एखाद्या विद्यापीठात किती आशा ठेवावी याचा अंदाज ‘कॉमन डेटा सेट’ या वार्षिक तक्त्यावरून येतो. किती जणांना वेटलिस्ट दिली, किती जण तिच्यावर थांबले आणि किती जणांना घेतले, हे तिन्ही आकडे बरीच विद्यापीठे त्यात देतात. अर्जदाराच्या उत्सुकतेला विद्यापीठ महत्त्व देते का, याचीही नोंद तिथे सापडते. मात्र एका वर्षाच्या आकड्यावर विसंबू नये. एके वर्षी शंभरावर मुले घेणारे कॉलेज पुढच्या वर्षी एकालाही घेत नाही. २०२० मध्ये करोनामुळे अनेक ठिकाणी वेटलिस्टवरून नेहमीपेक्षा जास्त प्रवेश झाले.

विद्यार्थ्याच्या हातात थोड्याच गोष्टी असतात. यादीवर राहायचे असल्याचे मुदतीत कळवणे ही पहिली. ते न कळवल्यास नाव गळते. विद्यापीठाची मनाई नसेल तर एक पानाचे पत्र पाठवावे. अर्जात लिहिलेले त्यात पुन्हा उगाळू नये. अर्जानंतरचे गुण, नवे काम किंवा स्पर्धेतले यश आणि तिथल्या कोणत्या विषयासाठी किंवा प्रयोगशाळेसाठी जायचे आहे, एवढे पुरे. ‘प्रवेश दिलात तर नक्की येईन’ हे वाक्य खरे असेल तरच, आणि एकाच विद्यापीठाला लिहावे. शिफारसपत्रांचा मारा किंवा पालकांचे फोन यांनी काही साधत नाही.

दरम्यान १ मेपूर्वी दुसऱ्या एखाद्या कॉलेजात अनामत भरून जागा पक्की करणे अत्यावश्यक आहे. वेटलिस्टवरून बोलावणे आले तर ही रक्कम सहसा परत मिळत नाही. बोलावणे आल्यावर उत्तर द्यायला अनेकदा दोन-चार दिवसच मिळतात. भारतीय विद्यार्थ्याला त्याच सुमारास नव्या विद्यापीठाचा आय-२० (व्हिसासाठी लागणारा दाखला) घेऊन व्हिसाची पुढची कामे उरकावी लागतात. त्यामुळे पासपोर्ट, बँकेची कागदपत्रे आणि कर्जमंजुरी आधीच तयार ठेवावी. बहुतेक याद्या जून-जुलैपर्यंत बंद होतात. त्यानंतरही त्याच विद्यापीठाची ओढ राहिली, तर दुसरीकडे वर्षभर शिकून बदलीच्या विद्यार्थ्यांसाठी असलेला वेगळा अर्ज करता येतो. तिथे मात्र जागा आणखी कमी असतात.