उजेडाचा हातचा

प्रकाशानेच प्रकाशाला अडवायचे किंवा सोडायचे आणि मध्ये विजेला लुडबुड करू द्यायची नाही, हा ध्यास ब्रिटनमध्ये नेटाने धरला तो एडिंबरोने. १९७९ साली हेरियट-वॉट विद्यापीठात डेस्मंड स्मिथ, त्यांचे तरुण सहकारी डेव्हिड मिलर आणि मंडळींनी अतिशीत इंडियम अँटिमोनाइडच्या स्फटिकात प्रकाशीय द्विस्थिरता दाखवली. आत जाणारा उजेड किंचित वाढवला की बाहेर पडणारा एकदम उडी मारतो, आणि पुन्हा कमी केला तरी लगेच खाली येत नाही. त्याच वर्षी बेल लॅब्जमध्ये गॅलियम आर्सेनाइडवरही हे साधले. स्मिथ यांच्या गटाने आपल्या उपकरणाला ‘ट्रान्सफेजर’ हे भारदस्त नाव दिले. १९८३ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये प्रकाशीय संगणकावर त्यांचा लेख आला, तेव्हा सिलिकॉनचे दिवस भरले असे वाटणाऱ्यांची कमी नव्हती.

ते काही भरले नाहीत. मिलर एव्हाना बेल लॅब्जला गेले होते, पुढे स्टॅनफर्डला स्थिरावले. २०१० साली ‘नेचर फोटॉनिक्स’मध्ये त्यांनीच प्रकाशीय ट्रान्झिस्टरला लावायच्या कसोट्या मांडल्या. एका तार्किक फाटकातून (लॉजिक गेटमधून) निघालेल्या उजेडावर पुढचे फाटक चालले पाहिजे, एकाने किमान दोन चालवली पाहिजेत, मळलेला संकेत पायरीपायरीवर पुन्हा लख्ख झाला पाहिजे. या यादीला बगल देणारे शोधनिबंध आजही ढिगाने येतात. एक ‘अँड’ फाटक जमले की गाजावाजा, आणि त्याला दुसरे जोडायची वेळ आली की मौन!

सेमीकंडक्टर अॅम्प्लिफायरवर बेतलेल्या फाटकांचा काळ एका वाक्यात आटोपलेला बरा: वेग होता, पण ती वीज खात आणि तापत.

साउदॅम्प्टनची वाट जास्त देखणी. ऑक्टोबर २००५ मध्ये तिथल्या विद्यापीठाची माउंटबॅटन इमारत क्लीनरूमसकट जळाली, तरी काम थांबले नाही. २०१२ साली निकोलाय झेलुदेव, केविन मॅकडोनाल्ड आणि सहकाऱ्यांनी तरंगलांबीहून कितीतरी पातळ अशा, नॅनोनक्षी कोरलेल्या सोन्याच्या पापुद्र्यावर समोरासमोरून दोन किरण सोडले. पापुद्रा स्थिर लहरीच्या गाठीवर आला तर उजेड जणू त्याला ओळखतच नाही. फुगवट्यावर आला तर पापुद्रा उजेड गिळतो. स्फटिकाच्या अरेखीयतेची गरजच उरली नाही. फक्त दोन्ही किरणांची कला (फेज) तंतोतंत सांभाळावी लागते, आणि हे ‘फक्त’ फार महाग आहे.

प्रस्तुत लेखकाचा हट्ट जुनाच आहे. उजेडाला कमी पडते ती आठवण. म्हणून त्याचे मन जर्मेनियम, अँटिमनी आणि टेल्युरियमच्या मिश्रणावर जडले आहे. याला जीएसटी म्हणतात (दुकानदारांनी दचकू नये). पुन्हापुन्हा लिहिता येणाऱ्या डीव्हीडीत याच जातकुळीचा थर असतो. २०१५ साली ऑक्सफर्डचे हरीश भास्करन, एक्सेटरचे डेव्हिड राइट आणि जर्मनीतले वोल्फ्राम पर्निस यांच्या गटांनी सिलिकॉन नायट्राइडच्या प्रकाशवाहिनीवर त्याचा नॅनोमीटरांत मोजण्याइतका पातळ ठिपका बसवला. वाहिनीतल्या उजेडाचा थोडा अंश कडेबाहेर रेंगाळतो, तो या ठिपक्याला लागतो. जोरकस स्पंदन आले की ठिपका वितळून तत्क्षणी थिजतो. अणू विस्कटलेलेच राहतात आणि उजेड बराचसा निसटून जातो. बेताने तापवला की अणू रांगेत बसतात आणि ठिपका उजेड शोषू लागतो. नंतर लेसर बंद केला तरी अवस्था तशीच राहते. मधल्या अवस्थाही टिकतात. अशा ठिपक्याच्या एकाच स्मृतिपेटीत ८ पातळ्या नोंदवता आल्या.

याच मंडळींनी २०१७ साली चिपवर अबॅकस केला. आपल्याकडे गल्लोगल्ली ज्याचे क्लास चालतात, तोच. पिकोसेकंदांची एकसारखी स्पंदने एकामागून एक सोडायची. प्रत्येक स्पंदनासरशी ठिपका आणखी थोडा स्फटिक होतो. दहा झाली की पेटी पुसायची आणि हातचा एक शेजारच्या पेटीत. आकडा जिथे मांडला तिथेच मुक्कामाला राहतो, त्याला वेगळ्या स्मृतीकडे हेलपाटे घालावे लागत नाहीत. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, चारही जमले, तेही दशमान पद्धतीत. शून्य आणि एक यांचे सोवळे पाळणाऱ्यांना हे रुचले नाही. वेगवादी म्हणतात की ठिपका पुसायला लागणारे नॅनोसेकंद म्हणजे युगे. ते बोट दाखवतात इम्पीरियल कॉलेजकडे: २०२३ साली रिकार्डो सापिएन्झा यांच्या गटाने इंडियम टिन ऑक्साइडच्या ४० नॅनोमीटर थराची परावर्तकता फेम्टोसेकंदांच्या हिशेबात बदलली आणि यंगचा दोन फटींचा प्रयोग फटींऐवजी दोन क्षणांवर करून दाखवला. प्रयोग अप्रतिम आहे, वादच नाही. पण तो थर काय लक्षात ठेवतो?

२०२२ साली ऑक्सफर्डने आणखी एक सुंदर पाऊल टाकले. सिलिकॉन आणि जीएसटी यांच्या जोड नॅनोतारांत उजेडाचे ध्रुवीकरण कोणत्या दिशेचे, यावर कोणती तार बदलणार हे ठरते. म्हणजे एकाच किरणाने हवी ती तार निवडून हलवता येते. या कामाला मिळायला हवी होती तेवढी वाहवा मिळाली नाही, कारण तोवर सगळ्यांच्या माना एआयकडे वळल्या होत्या. आता फाटकाचे नाव काढले की लोक जांभई देतात. मॅट्रिक्सचे गुणाकार म्हटले की पैसा उभा राहतो. केंब्रिजमध्ये मायक्रोसॉफ्टने मायक्रो-एलईडी आणि कॅमेऱ्याचे सेन्सर जुळवून अॅनालॉग प्रकाशीय संगणक केला, तोही याच ओढीने. २०२१ साली ऑक्सफर्ड आणि म्युन्स्टरच्या संशोधनातून निघालेली सेलियन्स लॅब्ज एआयचा प्रोसेसर करायला निघाली होती. आता ती डेटा सेंटरसाठी प्रकाशीय स्विचच्या मागे आहे. गिऱ्हाईक तिथे, गुंतवणूकदार तिथे. हातच्याचा प्रयोग दोन पेट्यांवरून दोनशेवर न्यायला अनुदान मागायचे तरी कोणाकडे?